उरलेल्या प्याद्यांचा डाव

"संपला?"

"नाही, सोडला."

"संपला नव्हता तर सोडलास कशाला?"

गेल्या शनिवारी वेरूळला लेण्यांबाहेरच्या टपरीवर चहा घेताना आजोबांनी मला हा प्रश्न विचारला. माझा मोबाइलवर बुद्धिबळाचा डाव चालू होता, समोर कोणीतरी ब्राझिलवाला. विसाव्या चालीला माझा हत्ती फुकट गेला आणि मी सवयीने पांढऱ्या झेंड्याच्या बटणावर अंगठा टेकवला. पुढचा डाव सुरू. हे सगळं दोन सेकंदांत. आजोबा चष्म्याच्या वरून बघत होते ते माझ्या लक्षातच आलं नाही.

मी म्हटलं, "आजोबा, हत्ती गेल्यावर काय राहतं?" ते म्हणाले, "राहतं ते मोजून बघितलंस का?"

आता आमच्या आजोबांविषयी थोडं सांगायला हवं. वय ८४, शाळेत गणित शिकवण्यात आयुष्य गेलं, गुडघे दुखतात पण डोकं शाबूत आहे. मला बुद्धिबळ त्यांनीच शिकवलं, तेही उलट्या बाजूने. बाकीची पोरं क्लासमध्ये पहिल्या दिवशी पूर्ण पट मांडून ओपनिंग शिकत. आजोबांनी मला पटावर तीनच मोहरी दिली: माझा राजा, माझा हत्ती आणि त्यांचा राजा. "कर मात." मला आठ दिवस लागले. नंतर दोन राजे आणि एक प्यादं. त्यात महिना गेला. पूर्ण पट बघायला मिळाला तो दिवाळीच्या सुट्टीत. तेव्हा राग यायचा, कारण शेजारचा मुलगा क्लासमधली ओपनिंग धडाधड खेळायचा आणि मी प्यादं ढकलत बसायचो. (तो मुलगा आता बंगळुरूला आहे आणि बुद्धिबळ खेळत नाही. मी खेळतो, पण शेवटपर्यंत नाही. म्हणजे दोघांनीही शिकवणीचे पैसे वायाच घालवले.)

घरी येऊन मी अॅपवरची आकडेवारी काढली, आपल्या लोकांना दुसरं सुचतं काय! गेल्या वर्षभरात हरलेल्या दहा डावांमागे नऊ मी स्वतः सोडलेले. मात झालेला डाव अगदीच विरळा. म्हणजे मला मात होताना कशी दिसते हेच नीट आठवत नाही.

तर आजचा विषय हा. लांबलेल्या सामन्याचा शेवटचा टप्पा. माझं म्हणणं सरळ आहे: शेवट हा मधल्या खेळाचा उरलासुरला भाग नसतो. तो वेगळाच खेळ असतो, त्याचे भाव वेगळे असतात आणि आपल्या वयाच्या मंडळींना तो येत नाही, कारण तो सुरू व्हायच्या आत आपण उठून गेलेलो असतो.

भाव वेगळे म्हणजे काय ते सांगतो. डावाच्या सुरुवातीला राजा कॅसलिंग करून कोपऱ्यात लपतो. तो बाहेर आला की मेला. पण वजीर वगैरे मोठी मोहरी मारली गेली की तोच राजा पटाच्या मध्यावर चालत यायला हवा, नाहीतर तुम्ही हरता. सुरुवातीला प्याद्याला कोणी विचारत नाही, शेवटी सगळा डाव एका प्याद्याच्या एका घरावर अडकतो. आणि सगळ्यांत विचित्र गोष्ट म्हणजे झुगझ्वांग. शब्द जर्मन आहे, अर्थ असा की तुमची स्थिती ठीक आहे, पण पाळी तुमची आहे आणि कुठलीही चाल केली तरी नुकसान. 'पास' म्हणायची सोय नाही. मधल्या खेळात चाल मिळणं म्हणजे फायदा, इथे तोच तोटा. इतका उलटा कायदा असलेल्या खेळाला त्याच नावाने का ओळखतात कोण जाणे.

जुन्या लोकांना हे कळलं होतं असं मला वाटतं. आजोबा ज्याला देशी खेळ म्हणतात त्यात प्याद्याने केलेली मात सगळ्यांत मानाची, प्यादेमात. आणि समोरच्याचा राजा एकटाच उरला की 'बुर्जी', डाव निम्मा. म्हणजे जिंकणाऱ्याला समोरच्याचं एखादं मोहरं जिवंत ठेवूनच मात करावी लागते. अधाशासारखं सगळं मारत सुटलात तर जिंकलेला डाव हातचा गेला. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचं बुद्धिबळावरचं पुस्तक इंग्रजीत छापलं गेलं. त्यातही मुख्यतः सुट्या मांडून दिलेल्या अवघड स्थिती आहेत: इथून पुढे जिंकून दाखवा. आजोबांची शिकवणी अगदीच घरगुती नव्हती म्हणायची.

आता थोडं आपल्या धंद्यातलं. केन थॉम्प्सन हे नाव आपल्याला युनिक्समुळे माहीत असतं. या बाबाने १९७०च्या दशकात एक उद्योग केला. पटावर एका बाजूला राजा आणि वजीर, दुसऱ्या बाजूला राजा आणि हत्ती, एवढंच असताना जितक्या स्थिती शक्य आहेत त्या सगळ्या संगणकाकडून शेवटापासून मागे मागे सोडवून घेतल्या. मातेपासून सुरुवात, मग मातेच्या आधीची चाल, मग तिच्या आधीची. पुस्तकं सांगत होती की वजीरवाला आरामात जिंकतो. वॉल्टर ब्राउन हा अमेरिकेचा ग्रँडमास्टर पैज लावून बसला. नियम असा की पन्नास चालींत मोहरं मारलं गेलं नाही किंवा प्यादं हललं नाही तर डाव बरोबरीत. ब्राउनला पन्नास चालींत जमलं नाही! संगणक हत्ती राजापासून दूर ठेवून बचाव करत होता. पुस्तकांनी नेमकं तेच करू नका म्हणून सांगितलेलं. ब्राउनने मग अभ्यास करून दुसरा प्रयत्न केला आणि बरोबर पन्नासाव्या चालीला काम फत्ते केलं. ग्रँडमास्टर, वजीर हाताशी, समोर एक हत्ती, आणि ही गत.

आता पटावर सात मोहरी असतील तिथवरच्या सगळ्या स्थिती सोडवून झाल्यात. त्यात एक अशी सापडली की दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर मात व्हायला ५४९ चाली लागतात. (पन्नास चालींचा नियम बाजूला ठेवून, अर्थात.) त्यातल्या बऱ्याचशा चाली का केल्या हे माणसाला कळत नाही. सात मोहरी हो! आपल्या टीममध्ये सात जण उरले की मॅनेजर म्हणतो, आता काय, नुसतं गुंडाळायचंय.

माणसांचं बघायचं तर आपली नागपूरची दिव्या देशमुख. जुलै २०२५मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांचा विश्वचषक होता. उपांत्य फेरीत तान झोंगयीविरुद्ध तिने जिंकलेला डाव १०१ चालींचा आहे. मी तो अॅपवर पुन्हा खेळून बघितला आणि साठाव्या चालीच्या आसपास प्रामाणिकपणे कंटाळलो. तिला कंटाळा करायची मुभा नव्हती. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी, जी दिव्याच्या जन्माआधीच ग्रँडमास्टर झालेली. दोन मोठे डाव बरोबरीत, जलद डावांतला पहिलाही बरोबरीत. दुसऱ्यात घड्याळ संपत आलं, मोहरी कमी झाली आणि अनुभवी हंपीकडून शेवटाला चुका झाल्या. एकोणीस वर्षांची दिव्या काळ्या मोहऱ्यांनी जिंकली आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टरही झाली. मला आवडलं ते पुढचं. जिंकून आल्या आल्या तिचं म्हणणं असं की शेवटाला मी घोटाळा केला, एंडगेम नीट शिकायला हवेत. विश्वचषक जिंकला त्या दिवशी हे बोलायला धाडस लागतं. आम्ही रिलीजच्या दिवशी केक कापतो आणि बग पुढच्या व्हर्जनला टाकतो.

असो. वेरूळला परत येऊ.

गुडघ्यांमुळे आजोबांना सगळी लेणी फिरणं शक्य नव्हतं. कैलास झालं, मग हळूहळू एकविसाव्या लेण्यात गेलो, रामेश्वर. तिथे भिंतीवर शंकर-पार्वती सारीपाट खेळताहेत. चौदाव्या आणि एकोणतिसाव्या लेण्यातही हाच प्रसंग आहे. म्हणजे इथल्या कारागिरांना हा खेळ भारी आवडत असावा. पुराणकथेत शंकर हरतो, एकेक करून सगळं पणाला लावतो आणि हरत जातो. खालच्या पट्ट्यात गण नंदीभोवती धिंगाणा घालताहेत. वर मालक-मालकीणबाईंचा निकालाचा क्षण, खाली स्टाफची मजा. मला माझं ऑफिस आठवलं. आजोबा बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हा उठून गेलेला दिसतोय का तुला कुठे?"

बाहेर पडल्यावर मालोजीराजे भोसल्यांच्या गढीकडे गेलो. वेरूळची पाटीलकी भोसल्यांची. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे इथले. आणि इथून चार-पाच किलोमीटरवर, घाट चढून गेलं की खुलताबाद, जिथे औरंगजेबाची साधी, वर आकाश उघडं असलेली कबर आहे. आपल्या इतिहासातल्या सगळ्यांत लांब चाललेल्या डावाची दोन टोकं अशी एका रस्त्यावर आहेत. मी याच शहरात वाढलो, शाळेच्या सहलीत दोन्ही बघितली, पण एकमेकांशेजारी ठेवून कधी बघितली नव्हती.

मोहरी मोजून बघा. औरंगजेब १६८२मध्ये आमच्या शहरात येऊन उतरला. १६८६ला विजापूर पडलं, १६८७ला गोवळकोंडा. १६८९मध्ये त्याने संभाजी महाराजांची हत्या करवली, त्याच वर्षी रायगड घेतला, येसूबाई आणि लहानगे शाहू कैदेत. आज एखादं अॅप असतं तर त्या दिवशी पट्टी संपूर्ण एका रंगाची दाखवली असती. माझ्यासारख्याने बटण दाबलं असतं.

पण खेळ बदलला होता. राजाराम महाराज कोपऱ्यात न बसता थेट जिंजीला निघून गेले, तिथे मुघलांचा वेढा आठ वर्षं चालला. १६९८ला किल्ला पडला तेव्हा ते आधीच निसटलेले. संताजी घोरपडे, धनाजी जाधव मैदानात भिडून निकाल लावायच्या फंदात न पडता रसद तोडत राहिले. १७००मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले आणि सूत्रं ताराबाईंकडे आली. तेव्हा त्यांचं वय पंचविशीचं, माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान. (मी पंचविसाव्या वर्षी काय करत होतो? टायमशीट भरत होतो.) बादशहा म्हातारपणी स्वतः किल्ल्यांमागे लागला. सातारा, पन्हाळा, सिंहगड, राजगड, तोरणा. एकेक घेतला, बरेचसे पैसे मोजून घेतले. पाऊस पडला, फौज पुढे सरकली की मराठे परत घेत. तो किल्ले मोजत होता. मोजण्याची गोष्ट आता दुसरीच होती: माणसं, धान्य, जनावरं, आणि दिल्लीपासूनचं अंतर.

उपमा ताणतोय, कळतंय. पण झुगझ्वांग म्हणजे काय हे मला कोणी विचारलं तर मी पटावरचं उदाहरण देणार नाही, १७०५चा औरंगजेब दाखवीन. परत जावं तर वीस-बावीस वर्षं वाया गेल्याची कबुली. थांबावं तर रोज थोडं झिजणं. १७०७मध्ये तो अहमदनगरला मरण पावला, वय ८८. उत्तरेला परतला नाही.

मी हे सगळं उत्साहात आजोबांना सांगत होतो, बघा, सोडायचं नसतं वगैरे. ते म्हणाले, "आणि त्याने सोडला असता तर?" मी गप्प. १७०२ ते १७०४ या वर्षांत दख्खनमध्ये दुष्काळ आणि साथीने माणसं किड्यामुंगीसारखी मेली, तीही याच डावात. तेव्हा 'कधीच सोडू नका' असं पोस्टरवरचं वाक्य मला इथे लिहायचं नाही. चुकीचा माणूस चिकटून बसला की शेवट असाही होतो.

आणि बरोबर उलटंही होतं. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३वर नाबाद. ब्रॅडमनचा ४५२चा विक्रम नऊ धावांवर. धावफलक ४ बाद ८२६. आणि काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळायलाच नकार दिला, सामना सोडून दिला. अब्रू जाईल म्हणून. दोन षटकांचा प्रश्न होता. निंबाळकर पुढे कधी कसोटी खेळले नाहीत. २०१२मध्ये ते गेले तेव्हाही त्यांच्याबद्दलच्या बातम्या त्या नऊ धावांपाशी येऊन थांबत होत्या. हरणाऱ्याने डाव सोडला की तो आपलाच डाव सोडतो असं आपण धरून चालतो. समोर बसलेल्याचाही शेवट त्यात जातो.

ग्रँडमास्टरही डाव सोडतात, हे कोणीतरी म्हणणारच. सोडतात. पण त्यांना पुढच्या तीस चाली दिसत असतात आणि समोरच्यालाही त्या दिसताहेत हे माहीत असतं. मी सोडतो तेव्हा मला पुढच्या दोनही दिसत नसतात. मला फक्त वाईट वाटत असतं.

हे सगळं आज का लिहितोय? कारण आपल्या धंद्यात या बटणाला 'पेपर टाकणं' म्हणतात आणि त्यातही माझा हात सराईत आहे. सहा वर्षांत तीन कंपन्या. तिन्ही वेळा प्रोजेक्ट संपायला आल्यावर निघालो. डिझाइनला मी, वादावादीला मी, रात्री जागायला मी. पण प्रत्यक्ष सिस्टिम सुरू झाली त्या दिवशी मी दुसऱ्याच इमारतीत इंडक्शनची व्हिडिओ बघत असायचो. माझ्या बायोडेटात तीन 'आरंभ' आहेत आणि एकही शेवट नाही. मुलाखतीत कोणी विचारतही नाही.

सध्या मी एका चौदा वर्षं जुन्या बिलिंग सिस्टिमच्या अंत्यसंस्कारावर आहे. क्लायंट नव्या सिस्टिमवर जातोय, जुनी ३१ मार्चला बंद. बावीस जणांची टीम होती, उरलो चार. आणि खरंच सांगतो, भाव बदललेत. ज्या टेस्टर बाईंना दोन वर्षांत कोणी मीटिंगला बोलावलं नाही, त्यांनाच आज माहीत आहे की कुठला रिपोर्ट कोण वापरतं आणि कुठला बंद केला तर कोणाचा पगार अडकेल. आर्किटेक्ट मंडळी केव्हाच गेली, त्यांची आठवणही येत नाही. आमचा मॅनेजर मात्र अजून मधल्या खेळातच आहे. चार माणसांची रोज सकाळी बावीस माणसांच्या काळातली स्टेटस मीटिंग घेतो, त्याच एक्सेल शीटवर. काही चुका अशा आहेत की आता काहीही केलं तरी डेटा थोडा बिघडणार, आणि काहीच न करण्याचा पर्याय तारखेने काढून घेतलाय. ओळखीची स्थिती.

आणि गेल्या गुरुवारी दुसरीकडून ऑफर आली. पस्तीस टक्के जास्त. अट एकच, फेब्रुवारीत रुजू व्हायचं.

मित्र म्हणतात, वेडा आहेस का, बुडत्या प्रोजेक्टसाठी कोणी थांबतं? त्यांचं चूक नाही. घराचा हप्ता आहे, कंपनी माझ्यासाठी थांबेल अशी गोड समजूतही नाही. उद्या त्यांनी मला काढलं तर ते एंडगेम वगैरे बघणार नाहीत. पण मी गेलो तर त्या बाईंवर काय पडेल हे मला माहीत आहे, आणि ठाकोरसाहेबांची गोष्ट मीच वर लिहून बसलोय.

शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर आजोबांनी पट काढला. "आज देशी." मी नेहमीप्रमाणे मार खाल्ला. दहाच्या सुमाराला माझ्याकडे उरला राजा आणि एक प्यादं, त्यांच्याकडे हत्ती, उंट आणि तीन प्यादी. हात आपोआप पट आवरायला निघाला. मग आठवलं, बुर्जी. माझं ते एकुलतं प्यादं मारलं गेलं तर डाव निम्मा! म्हणजे आता माझा खेळ ते वाचवण्याचा नव्हता, ते मारायला लावण्याचा होता. पुढची वीस मिनिटं मी माझं प्यादं त्यांच्या तोंडासमोर नेत होतो आणि ते हत्ती काढून घेत होते. आजी टीव्ही बंद करून बघायला आली. आजोबा घामाघूम, शपथ सांगतो. शेवटी त्यांनी माझं प्यादं आपल्या उंटाने अडवून ठेवलं, हत्तीने माझ्या राजाची वाट बंद केली आणि प्यादं एक घर पुढे सरकवलं.

"प्यादेमात," म्हणाले आणि गुडघा चोळत बसले.

रिक्रूटरला सोमवारी दहापर्यंत कळवायचंय. मेल लिहून ठेवलाय, दोन्ही उत्तरांचा. आणि देशी खेळाचे नियम कोणाला पक्के माहीत असतील तर जरूर सांगा, आजोबांचे त्या रात्रीचे निदान दोन नियम मला संशयास्पद वाटताहेत :-)